नऊशे एक्केचाळिसावं रोप

“आणि सुटलेलं एकही नाही?”

“एकही नाही, बाई.”

“नऊशे चाळिसांत?”

“नऊशे चाळिसांत.”

सारंग ढोबळेने अहवाल बाईंच्या पुढ्यात ठेवला. बाईंनी तो उचलला नाही. ओट्यावर बसून त्या सुपात जोंधळा निवडत होत्या, ते काम तसंच चालू राहिलं.

इंदुमती खरोटे हे नाव फक्त कागदावर होतं. ज्वारी संशोधन केंद्रातली माणसं, शिपायापासून साहेबांपर्यंत, त्यांना नुसतं बाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी केंद्राच्या काळ्या रानात एका जोंधळ्याचा दुसऱ्याशी संकर करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावरही त्या लांब गेल्या नाहीत. कुंपणाला लागून दोन खोल्या बांधल्या आणि तिथेच राहिल्या. वय शहात्तर. गुडघे गेलेले, नजर मात्र शाबूत.

सारंग त्यांच्या जागेवर आलेला. मधे आणखी दोघं येऊन गेले होते, पण तो स्वतःला बाईंच्याच जागेवरचा समजायचा. चार वर्षं परदेशात काढून, डॉक्टर होऊन परतला होता. पानाचा नखाएवढा तुकडा घेऊन तो रोपाची कुंडली मांडायचा. बाईंच्या काळी यातलं काहीच नव्हतं.

आज तो बाईंना त्यांच्याच कोड्याचं उत्तर द्यायला आला होता.

कोडं जुनं होतं. बाईंना तरुणपणी डोंगरातल्या एका वस्तीवर कडू जोंधळा सापडला होता. दाणा तांबडा. भाकरी अशी कडू, की माणूस खाईना आणि पाखरू टिपेना. पण त्याला खोडमाशी लागत नव्हती. गोड पांढऱ्या जोंधळ्याचं रोप वीतभर होतं न होतं, तोच माशीची अळी आत शिरून त्याचा मधला कोवळा पोंगा कुरतडते आणि रोप उभं वाळतं. बाईंना दोन्ही हवं होतं, त्याचा कणखरपणा आणि याची गोडी. एकतीस वर्षं त्यांनी संकर केले. कणखर रोप निघालं की दाणा कडू. दाणा गोड निघाला की रोप माशीच्या तोंडी.

“बाई, तुम्ही इतकी वर्षं जी गाठ सोडवत होता, ती सुटणारच नव्हती,” सारंग म्हणाला. बोलण्यात आदर होता. आदराच्या खाली थोडी ऐटही होती. “कारण ती गाठच नाही.”

“मग काय आहे?”

“एकाच जनुकाची दोन कामं. माशीलाही तोच अडवतो, दाणाही तोच कडू करतो. आपण एकाच वस्तूचे दोन भाग करायला निघालो होतो.”

“हे तुला रोपाने सांगितलं?”

“खुणांनी सांगितलं.”

“सांग बरं, मलाही.”

सारंग मांडी घालून बसला. हे त्याचं आवडतं काम होतं.

गुणसूत्र म्हणजे लांबलचक दोरा, त्याने सांगितलं. त्यावर जनुक ओळीने बसलेले. जनुक सहजी हाती लागत नाही, पण त्याच्या शेजारचा तुकडा ओळखता येतो. तो तुकडा म्हणजे खूण, मार्कर. एक खूण कणखरपणाच्या शेजारची. दुसरी कडवटपणाच्या शेजारची. दाणा भरायची वाट बघायला नको, माशी यायची वाट बघायला नको. तीन आठवड्यांचं रोप, पानाचा तुकडा, आणि दोन दिवसांत प्रयोगशाळेत पट्ट्या उमटतात. कडू जोंधळ्याची पट्टी कुठली आणि पांढऱ्याची कुठली, हे समोर दिसतं.

“आणि हा दोरा तुटतो कधी?”

सारंगला हसू आलं. हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारायचा प्रश्न होता.

“फुलात, बाई. परागकण तयार होण्याच्या वेळी. आईकडून आलेला दोरा आणि बापाकडून आलेला दोरा शेजारी येतात, एकमेकांना बिलगतात, तुटतात आणि तुटलेली टोकं एकमेकांची होऊन जुळतात. दोन जनुक लांब लांब असले, तर त्यांच्या मधे तुटायची शक्यता जास्त. जवळ असले, तर कमी. म्हणून किती सुटले ते मोजायचं, त्यावरून अंतर काढायचं. शंभरात दहा सुटले, अंतर दहा. शंभरात एक सुटला, अंतर एक.”

“आणि तुझे नऊशे चाळिसांत शून्य.”

“शून्य.”

“शून्य म्हणजे काय रे?”

“म्हणजे... अंतरच नाही. एकच.”

बाईंचा हात सुपात थांबला.

“शून्य म्हणजे तू पाहिलं नाहीस.”

सारंगच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तरी तो शांतपणे म्हणाला, “नऊशे चाळीस हा आकडा लहान नाही, बाई.”

“कुठं म्हणतेय मी? तू मोजलेस किती?”

“नऊशे चाळीस.”

“उगवले होते किती?”

सारंगने अहवालाकडे पाहिलं. मग बाईंकडे.

“नऊशे एक्केचाळीस,” तो म्हणाला. “एक नमुना खराब निघाला. तो धरला नाही.”

“खराब म्हणजे?”

“कणखरपणाची खूण उमटली. कडूची पट्टी उमटलीच नाही. चाचणी फसते कधी कधी. हजारात दोन-चार फसतातच.”

“उमटली नाही... की नव्हती?”

सारंगने अहवालाची कड बोटाने दुमडली.

कुंपणावर एक साळुंकी येऊन बसली, इकडेतिकडे पाहून उडून गेली.

“पुन्हा करून पाहिलीस?”

“एका नमुन्यासाठी...” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच ते कसंतरी वाटलं.

“रोप कुठाय ते?”

“कापलं, बाई. सगळा प्लॉट मागच्या आठवड्यात चाऱ्याला दिला. आज नांगरतायत. तिथे भुईमूग घ्यायचा ठरलाय.”

“कुणी ठरवलं?”

“मी.”

कुंपणाच्या पलीकडे ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

बाईंनी सूप बाजूला सारलं. काठी हाती घेतली. सारंगने उठायला हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. चपला पायात सरकवून त्या चालू लागल्या, आणि सारंगला प्रथमच कळलं, की दुखऱ्या गुडघ्यांनीही माणूस किती भराभर चालू शकतो.

*

प्लॉट चार गुंठ्यांचा. कापलेल्या जोंधळ्याची धसकटं ओळीने उभी होती, वाळून राखाडी झालेली. पलीकडच्या टोकाला रज्जाकचा ट्रॅक्टर लागला होता. आठ-दहा ओळी एव्हाना मातीखाली गेल्या होत्या.

“किती नंबर?”

सारंगने अहवालाचं शेवटचं पान उघडलं. वगळलेल्या नमुन्यासाठी तिथे एकच ओळ होती, बारीक अक्षरात. ओळ तेवीस, रोप सतरा.

“तेविसावी कुठली?”

“नांगर ज्या बाजूने येतोय, तिकडून... पंधरावी असेल. नाही, तेरावी.” त्याने बोटांनी मोजलं. “लवकरच येईल.”

बाई धसकटांतून चालत गेल्या. पदर धसकटाला अडकला, तो त्यांनी ओढून सोडवला. ट्रॅक्टरच्या वाटेत, नांगरलेल्या मातीपासून चार पावलांवर, त्या थांबल्या. काठी आडवी ठेवली. आणि हळूच, एक गुडघा, मग दुसरा, असं करत मातीत बसल्या.

ट्रॅक्टर घरघरत आला आणि थांबला.

“ओ बाई!” रज्जाक वरून ओरडला. “हितं कुठं बसताय? नांगर यायलाय की!”

“दिसतंय मला.”

“उठा की मग! काय लागलं-बिगलं तर साहेब माझं नाव घेतील.”

“साहेब इथंच आहे. ते बघ.”

रज्जाकने मान वळवली. केंद्राचे डॉक्टर ढोबळे साहेब, इस्त्रीची पॅंट घातलेले, धसकटांत गुडघे टेकून काहीतरी मोजत होते.

रज्जाकने ट्रॅक्टर बंद केला.

एकदम शांत झालं.

एक... दोन... तीन... सारंग प्रत्येक धसकटाला हात लावून पुढे सरकत होता. जनावरं रानात फिरली होती, काही धसकटं आडवी पडलेली. सोळा मोजून झाली आणि पुढे मोकळी जागा आली. हाताच्या दोन वितीएवढी, उघडी.

हीच सतरावी जागा तर नव्हे? इथलंच उपटून गेलं असेल तर?

तो उठून ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला. ओळीत चाळीस रोपं होती, हे त्याला पाठ होतं. तिकडून चोवीस भरायला हवीत. तो पुन्हा गुडघ्यांवर बसला. एक... दोन... या वेळी त्याने घाई केली नाही. बाई तिकडे बसल्या होत्या, रज्जाक बिडी न पेटवता हातात धरून बसला होता.

बावीस. तेवीस. चोवीस.

मोकळ्या जागेच्या लगतचं धसकट. दोन्हीकडून मोजून तेच.

ते मधोमध चिरलेलं होतं. जनावराचा खूर पडला असावा. पण शेजारून पाण्याचा पाइप गेला होता, त्याचा सांधा गळत होता, आणि त्या ओलीने धसकटाच्या बुडातून दोन फुटवे वर आले होते. बोटभर उंच. हिरवेगार.

सारंगने हात पुढे केला आणि मागे घेतला. हात लावायची त्याची हिंमत होईना.

“बाई...”

“आहे?”

“आहे.”

बाईंनी डोळे मिटले. उठायला मात्र त्या उठल्या नाहीत.

मग त्या बोलू लागल्या, त्याच्याकडे न बघता.

“गौरा नावाची बाई होती माझ्याकडे. संकराचं काम तिच्याएवढं कुणाला जमत नव्हतं. चिमट्याने फुलातले केसर काढायची, फुलाला कळायचंसुद्धा नाही. एका वर्षी माशीने सगळा प्लॉट झोपवला. एक रोप उभं राहिलं. पुढं दाणे भरले, तर पांढरे. गौरा मला हाताला धरून घेऊन गेली. म्हणाली, बाई, ह्यो जोंधळा येगळाच हाय बगा.”

“मग?”

“मी म्हणाले, भेसळ आहे. शेजारच्या रानातलं बी आलं असेल. माशी चुकली असेल. उपट.” बाई थांबल्या. “तिनं नाही उपटलं. मी उपटलं.”

रज्जाकने बिडी कानावर ठेवली.

“भेसळ असेलही, बाई,” सारंग हळू आवाजात म्हणाला.

“असेलही.”

बाईंनी मातीतलं एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं.

“ते मला आता कधीच कळायचं नाही.”

*

त्या रोपाचं पान सारंगने स्वतः तोडलं. चाचणी स्वतः केली. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा तेच. कणखरपणाच्या खुणेत कडू जोंधळ्याचीही पट्टी होती. कडवटपणाच्या खुणेत नव्हती. तिथे फक्त पांढऱ्याची पट्टी होती, स्वच्छ, ठसठशीत.

चाचणी फसली नव्हती.

मग त्याने दोऱ्यावरच्या आणखी खुणा तपासल्या, अलीकडच्या चार आणि पलीकडच्या चार. अलीकडे सगळीकडे डोंगरातला जोंधळा. पलीकडे सगळीकडे रानातला पांढरा. आणि मधे, दोन खुणांच्या मधल्या एवढ्याशा जागेत, कुठेतरी, एक माणूस थांबून दुसरा चालू लागावा तसा तो दोरा बदलला होता.

सारंग पट्ट्यांच्या त्या चित्राकडे बघत राहिला. हे त्याने पुस्तकात शंभरदा वाचलं होतं. परीक्षेत लिहिलं होतं. मुलांना शिकवलं होतं. पण कुठल्याशा सकाळी, कुठल्याशा फुलात, कुणी पाहत नसताना दोन दोरे एकमेकांना बिलगले आणि नेमके याच जागी तुटून जुळले... ही खरंच घडलेली गोष्ट होती. ती घडली तेव्हा तो तिथून शंभर पावलांवर चहा पीत असेल.



तो धावतच बाईंकडे गेला.

“सापडलं! बाई, सुटलंय! कणखर आहे आणि कडू नाही!”

“दाणा कुठाय?”

“दाणा अजून... पण खूण सांगते ना.”

“खूण शेजारी राहते, सारंग. घरात कोण आहे ते घरात शिरल्यावरच कळतं.”

तो जिथे होता तिथेच थांबला. खरं होतं. दोरा कडवटपणाच्या खुणेच्या अलीकडे तुटला होता; पण कडवटपणाचा जनुक तुटलेल्या जागेच्या कुठल्या बाजूला राहिला, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तो म्हणाला होता तसा जनुक खरोखर एकच असेल, तर दाणा कडूच निघणार होता.

“मग आता काय करायचं?”

“पाणी घाल.”

*

सारंगने पाणी घातलं. केंद्रात माणसं होती, तरी त्यानेच घातलं. सकाळी येताना बादली, संध्याकाळी जाताना बादली. रज्जाकने भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण करून दिलं. बाकी प्लॉट नांगरून भुईमूग पेरला गेला आणि त्यात ते एकच धसकट उभं राहिलं. येणारीजाणारी माणसं हसायची. “साहेबांचा जोंधळा,” म्हणायची.

माघात फुटव्यांना कणसं आली. दोन, बारकी. बाहेरचा पराग येऊन मिसळू नये म्हणून सारंगने फुलं उमलायच्या आधीच त्यांवर कागदी पिशव्या बांधल्या.

फुलोरा ओसरत आला, त्या दिवशी बाई काठी टेकत रानात आल्या.

“पिशवी काढ.”

त्याने हलक्या हाताने काढली.

“हात पुढे कर.”

बाईंनी पिशवी त्याच्या तळहातावर उलटी धरली आणि टिचकी मारली. पिवळी धूळ पडली. हळदीच्या चिमटीएवढी.

“मोज.”

सारंग हसला. मग त्याने पाहिलं, की बाई हसत नव्हत्या.

“मोजता येणार नाही, बाई. लाखांनी असतील. सबंध कणसाचा पराग धरला तर कोटीच्या घरात जाईल.”

“आणि प्रत्येक कणात?”

“प्रत्येकात दोरे...” तो बोलता बोलता सावकाश झाला. “प्रत्येकात नव्याने तुटून जुळलेले.”

“दोन कण सारखे सापडतील?”

सारंगने तळहाताकडे पाहिलं. जोंधळ्याचे दहा दोरे. प्रत्येक दोरा वेगळ्या जागी तुटलेला, वेगळ्या जागी जुळलेला. त्याने मनातल्या मनात हिशेब मांडायला घेतला, आणि तो हिशेब कुठल्या कुठे निघून गेला.

“नाही,” तो कुजबुजला. “बहुधा एकही नाही.”

“आणि तू पाहिलेस किती?”



वाऱ्याची एक झुळूक आली. तळहातावरची धूळ उठली, उन्हात क्षणभर चमकली आणि दिसेनाशी झाली. सारंग रिकामा हात तसाच पुढे धरून उभा राहिला. लाखो नवीन गोष्टी, त्याने कधी न मोजलेल्या, आताच त्याच्या बोटांमधून निघून गेल्या होत्या. आणि आसपासच्या रानात, गवताच्या तुऱ्यातुऱ्यात, सगळीकडे हेच चाललं होतं. कुणाला न विचारता. केव्हापासून, कोण जाणे.

किती वेळाने त्याने मान वर केली, तेव्हा बाई बांधापर्यंत पोचल्या होत्या.

*

चैत्र संपता संपता कणसं पिकली. दाणे पांढरे होते.

पांढरा म्हणजे गोडच, असं नव्हे. सारंगला आता एवढं कळत होतं. त्याने दोन्ही कणसं रुमालात बांधून बाईंच्या ओट्यावर आणली आणि तिथेच मळली. सहाशेच्या आसपास दाणे निघाले.

एक त्याने बाईंच्या हातावर ठेवला. एक स्वतः घेतला.

“तू आधी,” बाई म्हणाल्या.

त्याने दाणा दाढेखाली धरला. दाबायला भीती वाटत होती. कडू जोंधळा त्याने पूर्वी चाखला होता. जिभेला ओढ बसते, तोंड कोरडं पडतं, पाणी प्यायलं तरी घशाशी तुरटपणा राहतो. त्याने डोळे मिटले आणि दाणा फोडला.

पीठ. साधं, गोडसर पीठ.

त्याने डोळे उघडले. बाई पुढच्या दातांनी आपला दाणा कुरतडत होत्या. त्यांचा चेहरा हलत नव्हता.

“गौरा असती तर...” एवढं म्हणून त्यांनी उरलेला दाणा तोंडात टाकला.

“आता माशी,” त्या म्हणाल्या.

*

माशीसाठी त्यांनी पेरणी मुद्दाम उशिरा केली. श्रावण अर्धा सरला आणि शेतकऱ्यांचा जोंधळा कमरेला लागला, तेव्हा. उशिराच्या कोवळ्या रोपांवर माशी तुटून पडते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भोवतीने पांढऱ्या जोंधळ्याच्या ओळी, मधे त्या सहाशेंतले चाळीस दाणे. चाळीसच्या चाळीस उगवले.

रोपं चार पानांची झाल्यावर सारंगने प्रत्येकाचं पान तपासलं. एकतीस रोपांत कणखरपणाची खूण उतरली होती. त्यांना त्याने पिवळा दोरा बांधला. नऊ रोपांत उतरली नव्हती. ती तशीच सोडली.

मग तो घरी बसला. बाईंनी सांगितलं होतं, दहा दिवस रानात जायचं नाही.

“का, बाई?”

“गेलास की अर्ध्यातच मोजशील.”

दहा दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दोघं मिळून गेले. दवाने बांध ओला होता. बाईंचा एक हात काठीवर, दुसरा सारंगच्या दंडावर. आज त्यांनी हात घेतला होता.

भोवतीच्या पांढऱ्या ओळी आधी दिसल्या. रोपांचे पोंगे वाळून पिवळे पडले होते. चिमटीत धरून ओढला की पोंगा अलगद हातात येत होता आणि त्याला कुजल्याचा वास होता. एक ओळ, दुसरी ओळ, सगळीकडे तेच.

मग मधला तुकडा.

दोरा नसलेली नऊ रोपं वाळली होती. नऊच्या नऊ.

आणि त्यांच्या आजूबाजूला, दवात भिजलेली, पोंगा सरळ आभाळाकडे केलेली, पिवळ्या दोऱ्याची रोपं उभी होती.

सारंग एकेका रोपाजवळ वाकून पाहत गेला. शेवटच्या ओळीत तो थबकला. दोरा बांधलेलं एक रोप वाळलेलं होतं. त्याने खिशातून वही काढली, आणि सगळ्यांच्या आधी त्या रोपाचा नंबर लिहिला. बाकीचे मग लिहिले. तीस उभी होती.

तो मातीत बसला. कपड्यांचं भान त्याला उरलं नव्हतं.

कणखर आणि गोड. ज्या कणखर आणि कडूला बाईंनी एकतीस वर्षं एकत्रच पाहिलं, ज्यांना त्याने अहवालात एकच ठरवलं, ते त्याच्या समोर सुटले होते. डोंगरातला अर्धा आणि रानातला अर्धा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

“बाई...”

“हं.”

“किती पिढ्या चिकटून राहिले असतील. शेजारी शेजारी. एक गेला तिथे दुसरा.”

बाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या. रोपांकडे बघत.

“इतके जवळ होते,” सारंग म्हणाला, “की मी त्यांना एकच समजून बसलो.”

दवाचा एक थेंब पानावरून घरंगळला आणि मातीत गेला. बाईंनी तो जाताना पाहिला.

“सुटले नसते,” त्या म्हणाल्या, “तर जवळ असायला दोन तरी कुठे होते रे?”